सड्यावरचे दगड आणि पितरांची सोय

शुक्रवार : उक्षी, जांभरूण

उक्षीचं कातळशिल्प, म्हणजे कातळावर कोरलेला हत्ती, बघायला सकाळी लवकर जावं. ऊन तिरपं असतं तोवर रेषेच्या एका कडेला सावली धरते आणि हत्ती उठून दिसतो. साडेदहा वाजले की तोच हत्ती कातळात विरून जातो. हे मेव्हण्याने सांगितलं. तो रत्नागिरीजवळच्या एका चिरेखाणीचे हिशेब लिहितो, त्यामुळे सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, वाटा त्याला पाठ आहेत आणि दगड बघून भारावून जायची सवय त्याला नाही. आदल्या दिवशी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आटोपलं होतं. घरात आता आमचा काही उपयोग नाही हे दोघांच्याही बायकांनी ठरवून टाकल्यावर त्याने मोटारसायकल काढली.

उक्षीच्या लोकांनी हत्तीभोवती चिऱ्यांचा गोल कठडा बांधून वर उभं राहून बघायची सोय केली आहे. काम साधं आहे, पण अगदी नेमकं. चित्र कातळावर आडवं कोरलेलं असल्यामुळे माणूस त्याच्याजवळ गेला की ते त्याच्या पायाखाली येतं. इथे कठड्यामुळे पाय लांब राहतात आणि डोळे वर जातात. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून सडे पायाखाली घालून अशी चित्रं शोधली. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होतीच. पांडवांनी काढलेली म्हणून ती सोडून दिलेली होती, इतकंच.

मी मात्र हत्ती बघायला आलो नव्हतो. मी नागपूरचा. काटोल रस्त्यावर जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत आणि त्यांच्या सावलीत माझी पुष्कळ रविवारची दुपार गेली आहे. बाहेर मोठ्या धोंड्यांचं कडं, आत मुरूम, काळी माती आणि दगडगोट्यांचा भराव, मधोमध थोडा उंचवटा, आणि त्या राशीखाली मेलेला माणूस. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही खणली. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी विदर्भातच टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथे पद्धतशीर उत्खननं केली. लोखंडी कुऱ्हाडी, त्यांना दांड्याशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, छिन्न्या, कट्यारी, तांब्याच्या घंटा, लाल-काळी भांडी, तांबड्या अकीकाचे मणी असं बरंच काही निघालं. माहूरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने लेवून. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसं, म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

सासुरवाडी कोकणात असल्यामुळे इथे येणं-जाणं नेहमीचं. पण दर खेपेला मनात एकच प्रश्न घोळायचा. एवढा दगड पडलाय, मग इथल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी त्याचं काय केलं? हा प्रश्न बिनबुडाचा नाही, कारण हाच जांभा पुढे दक्षिणेत केरळात जातो आणि तिथे तो थडग्यांनी भरलेला आहे. त्रिशूरकडे चेरमनंगाडला जांभ्याचे घडीव दगड आहेत. खाली चार तिरपे चिरे एकमेकांना टेकवलेले आणि वर घुमटासारखं झाकण, लांबून बघितलं तर उघडलेल्या छत्र्या. काही ठिकाणी जमिनीत खोल जांभ्यातच गोल खोली कोरून काढली आहे आणि तिच्यात मडकी ठेवली आहेत. दगड एकच. ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की टणक होतो. तिकडे त्याची छत्री झाली, इकडे हत्ती.

जांभरूणच्या सड्यावर चित्रं पुष्कळ आहेत. मासे, पक्षी, माणसं, चौकोन. परतताना कलमांच्या बागेच्या कडेला दगडांची एक मोठी रास दिसली. मेव्हणा मोटारसायकल थांबवून म्हणाला, ‘भाऊजी, घ्या. तुमचं काम झालं.’

त्याला मी तिथेच उभं राहून समजावलं. जांभा फोडला की आतून पिवळा-तांबडा निघतो. पावसाळ्यांवर पावसाळे गेले की वरून काळा पडतो, त्यावर बुरशीचे पांढरे-करडे ठिपके येतात. त्या राशीतल्या दगडांच्या अर्ध्या बाजू अजून तांबड्या होत्या. दुसरं म्हणजे कडं नाही. माणसासाठी रचलेल्या राशीला हद्द असते, कुणीतरी आधी गोल आखलेला असतो आणि मगच भर घातलेली असते. तिसरं म्हणजे मोठे दगड खाली आणि बारके वर, ही गाडीतून ओतल्याची खूण. ‘कलमांना खड्डे मारले तेव्हाचे आहेत,’ मी म्हटलं. तो हसला. ते त्याला माहीत होतंच, कारण ते खड्डे त्याच्या मालकाच्या माणसांनी मारले होते.

शुक्रवार, रात्री

जेवताना कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला बांगडा होता. श्राद्धाच्या जेवणावरून गोष्ट सासऱ्यांच्या दहा दिवसांवर गेली. मेव्हणा म्हणाला, ‘अण्णांचा जीवखडा सांभाळायचा म्हणजे काय ताप होता माहितीय? हरवला असता तर भटजींनी मला उभा जाळला असता.’

स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला भोकं पाडायला जो दगड घेतात, तोच पुढे दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी असतो. त्याच्यावर तिळाचं पाणी द्यायचं, त्याला जपायचं, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की त्याला पाण्यात सोडायचं. पोथीत त्याला अश्मा म्हणतात. मुठीत मावेल एवढा असतो. मी नागपूरला वडिलांचा सांभाळला होता आणि तेव्हा माझ्या डोक्यात जुनापाणी आलं नव्हतं. त्या रात्री आलं.

राशीबद्दल साधारण समज असा असतो की मढं पुरलं, कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून वर दगड टाकले. उत्खननं तसं सांगत नाहीत. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये कर्नाटकात ब्रह्मगिरीला ज्या दगडी पेट्या उघडल्या, त्यांत सबंध सांगाडे नव्हते. निवडक हाडं होती, आणि एकेका पेटीत एकाहून अधिक माणसांची. विदर्भातही पुष्कळ ठिकाणी हाडं अपुरी असतात. म्हणजे प्रेत आधी दुसरीकडे ठेवलं गेलं होतं, मांस गळून गेल्यावर हाडं वेचली आणि मग समारंभाने इथे आणली. सुकलेल्या हाडांना कोल्ह्याची भीती कसली? त्यासाठी कोण टनावारी दगड ओढत आणील?

माझ्या मते रास हे अंत्यविधीचं काम नाहीच. ती अंत्यविधीनंतरची दुसरी पायरी आहे. माणूस मेला त्या दिवशी घर रडतं, गोंधळतं, आणि जे पटकन उरकायचं ते उरकतं. पुढे केव्हातरी, धान्य घरात आलं, सोयरे जमले की, सगळ्यांनी मिळून त्या मेलेल्याला पितर करायचं असतं. धोंडा ओढायला पन्नास माणसं लागतात, त्यांना जेवू घालावं लागतं, भांडी लागतात, आणि ती भांडी नंतर त्याच्याबरोबरच ठेवायची. झारखंडात मुंडा लोकांची जंगतोपा म्हणजे हाडं पुरण्याची रीत अशीच आहे. वेचलेली हाडं ठरलेल्या दिवशी कुळाच्या दगडाखाली नेतात आणि तो माणूस आपल्या आधीच्यांना जाऊन मिळतो. आपल्याकडे अस्थी वेचणं वेगळ्या दिवशी, दहावा वेगळा, बारावा-तेरावा वेगळा, पुढे वर्षश्राद्ध, आणि मग दर भाद्रपदात म्हाळ. पायऱ्या त्याच, फक्त दगड तेवढा लहान होत होत खड्यावर आला.

मेव्हण्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, मी श्राद्धाचे वडे जास्त खाल्ले होते.

शनिवार : कशेळी, देवाचे गोठणे

कशेळीला जाताना आधी कनकादित्याचं देऊळ लागतं. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकी, त्यांतलं हे नावाजलेलं. पण आम्ही सड्याकडे वळलो.

कशेळीचा हत्ती अंदाजे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. एवढ्या मोठ्या चित्राची अडचण अशी की जमिनीवरून ते दिसतच नाही. पायाकडून चालायला सुरुवात करायची, पोटाखालून जायचं, सोंडेपाशी पोचायचं आणि मग डोक्यात ते जुळवायचं. हत्तीच्या अंगात लहान-मोठ्या आकृती भरल्या आहेत, त्यांत जनावरं आहेत, पक्षी आहेत, समुद्रातले मासेही. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडासुद्धा सापडला आहे, आणि गेंडा आज या मुलखाच्या आसपासही नाही. कोरणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला असेल, तर भोवतालचं रान काही वेगळंच होतं.

काळाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अभ्यासक या शिल्पांना मध्याश्मयुगाच्या आसपास नेतात. ती तेवढी जुनी असतील तर विदर्भातल्या राशी त्यांच्या मानाने कालच्या. लोखंडाचा माणूस आणि गारगोटीच्या पात्याचा माणूस यांना एका दोरीत बांधू नये, हे मी स्वतःलाही बजावत होतो. तरी एक साम्य नजरेआड करता येत नाही. जुनापाणीच्या धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कारनॅकने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे आणि युरोपातल्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलनाही केली आहे. कोकणच्या सड्यावरही चित्रांच्या आसपास असे खळगे भेटतात. पाणी साठायला ते फार लहान, कांडायला फार उथळ. दगडाला हात लावून, ठोकून, त्यात काहीतरी अर्पण करून परत जाण्याचं काम मात्र त्यांनी भागतं.

दुपारी देवाचे गोठणे. भार्गवरामाचं देऊळ गर्द झाडीत आहे, थंडगार. देवळामागून चढून सड्यावर गेलं की झाडी संपते आणि ऊन डोक्यावर येतं. वर कातळात एक माणूस कोरलेला आहे. इथे होकायंत्र चुकतं असं ऐकलं होतं, म्हणून भाच्याच्या स्काउटच्या सामानातलं काट्याचं होकायंत्र बरोबर घेतलं होतं. चित्रापासून लांब ठेवलं तर काटा स्थिर. आकृतीच्या अंगावरून सावकाश सरकवत नेलं तर काटा खरंच फिरला, परत आणला तर जागेवर. तीन-चारदा करून पाहिलं. जांभ्यात लोह भरपूर असतं आणि कातळाचा एखादा तुकडा आजूबाजूच्या मानाने जास्त चुंबकीय असू शकतो, तेव्हा चमत्कार म्हणायचं कारण नाही. पण ज्याने कोरलं त्याच्याकडे होकायंत्र नव्हतं, मग नेमकी हीच जागा का, हा प्रश्न उरतोच. मेव्हण्याने यावर काही मत दिलं नाही. त्याने होकायंत्र खिशात टाकलं आणि म्हणाला, ‘आमच्या खाणीत फिरवून बघतो.’

रुंढेतळीला जायचं होतं, पण ऊन फार झालं. राजापुरात मुक्काम.

रविवार : देवीहसोळ, बारसू

या सगळ्या फिरण्यात देवीहसोळसाठी मी एक आख्खी सकाळ राखली होती आणि ती सत्कारणी लागली.

आर्यादुर्गेच्या देवळाजवळ, उघड्या कातळावर, एक मोठी चौकट कोरलेली आहे. आत रेषांची वळणं, पट्टे, घरं, आणि मधे एक खळगा. माणूस नाही, जनावर नाही. तिच्या अर्थाबद्दल बोलायला प्रत्येकाला मोकळं रान आहे. नकाशा म्हणा, यंत्र म्हणा, पट म्हणा. त्यातलं काही मला सुचलं नाही. मला रस होता तो तिथे आज काय चालतं यात.

देवळात भेटलेल्या गुरवाने सांगितलं की जत्रेला भालावलीची नवदुर्गा आपल्या बहिणीला, म्हणजे आर्यादुर्गेला, भेटायला येते आणि ती भेट या चौकटीपाशी होते. देवळात नाही, सभामंडपात नाही, उघड्या कातळावर. मी विचारलं, इथेच का?

‘पहिल्यापासून इथंच.’

‘पण का?’

‘अहो, जागा तीच आहे ना.’

याहून जास्त तो बोलला नाही आणि खरं तर जास्त बोलायची गरजही नव्हती. चौकट ज्याने कोरली त्याची भाषा गेली, देव गेले, त्याला काय म्हणायचं होतं तेही गेलं. आर्यादुर्गा त्याच्या नंतर किती काळाने आली असेल याचा अंदाज करणंही अवघड. तरीही दोन देवींना भेटायला हीच जागा लागते. अर्थ बदलला तरी जागेचा मान तसाच चालत आला. जुन्या राशींच्या बाबतीतही हेच घडतं. एकदा कुणीतरी मोठ्या कष्टाने जागा आखली की पुढचा माणूस तिला वळसा घालून जातो, शेंदूर लावतो, किंवा आपला देव तिथे आणून बसवतो. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपास चालत फिरून हेच दाखवलं की खेड्यातल्या म्हसोबाच्या, मावल्यांच्या ठाण्याखाली पुष्कळदा फार जुनी जागा असते. ते स्वतः गोव्याचे, म्हणजे याच किनाऱ्याचे.

मात्र शेंदूर लागला तरच दगड वाचतो, हेही तितकंच खरं. उघड्या कातळाला मालक असतो आणि चिऱ्याला भाव असतो. मेव्हण्याला विचारलं, यंत्र लावायच्या आधी सडा कुणी बघून घेतं का? तो म्हणाला, ‘माती काढताना मध्येच रेषा दिसली तर मुकादम काय करील असं वाटतं तुम्हाला?’ मी गप्प बसलो. विदर्भात याहून वेगळं नाही. वर्तुळाच्या पोटातला मुरूम रस्त्यांना गेला आणि कड्याचे धोंडे बांधांना.

बारसूचं नाव २०२३ मध्ये रिफायनरीच्या सर्वेक्षणामुळे घरोघरी पोचलं. तिथल्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दोन्ही हातांनी दोन वाघ धरणारा माणूस आहे, त्यामुळे या चित्राबद्दल खूप बोललं जातं. माझं म्हणाल तर वाघांच्या मुलखात राहणारा कुणीही हे चित्र काढील. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये कोकणातली जी नऊ ठिकाणं गेली, त्यांत बारसू आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ हीही त्यात, शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं पणसायमोळ. ऊन कलेपर्यंत थांबलो, फोटो काढले, निघालो.

सोमवार : कुडोपी

राजापूर सोडून खाली आलं की बोली बदलते, आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ येते, आणि देव जास्त बोलू लागतात.

कुडोपी मालवण तालुक्यात. गावाच्या वरच्या टेंबाला लोक बाहुल्यांचं टेंब म्हणतात. वाट विचारायला एका घरापाशी थांबलो तर अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेले एक आजोबा उठून बरोबरच निघाले.

‘खंयसून इलात?’

‘नागपूरहून.’

‘नागपुरासून दगड बघूक? थंय दगड नाय?’

‘आहेत. पण आमच्याकडच्या दगडांखाली माणसं पुरलेली आहेत.’

ते चालता चालता थांबले. ‘तां बरा. हंयसर माणूस पुरूक माती खंय आसा? कातळार मारल्यार कुदळ मोडता.’

किती नेमकं बोलले! सड्यावर माती वीतभरसुद्धा नसते. खाली, वाडीत, जिथे आहे तिथे ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. जांभ्याच्या अशा मातीत हाड टिकत नाही, विरघळून जातं. केरळातल्या जांभ्याच्या थडग्यांत म्हणूनच पुष्कळदा मडकी शाबूत मिळतात आणि हाडांचा नुसता भुगा. घाटावर, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत मात्र सगळं टिकलं. तिथे १९६८ पासून वर्षानुवर्षं झालेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखालीच माणसं सापडली. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडलेली. मोठ्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेल्याने उठून चालू लागू नये, घर सोडून भूत होऊन फिरू नये, म्हणून ही तजवीज असावी असं अभ्यासकांना वाटतं. माया आणि धास्ती एकाच खड्ड्यात. आईने बाळाला चुलीशेजारी ठेवायचं आणि मुलाने बापाची पावलं तोडायची. राशीवरच्या दगडांच्या वजनातही मला हे दोन्ही दिसतं. तू आमचा आहेस, आणि आता इथेच राहा.

टेंबावर पोचल्यावर आजोबांनी चपला काढल्या. आम्हीही काढल्या. कातळ तापायला लागला होता. आकृत्या पुष्कळ, साठाच्या वर, आणि मधली मोठी आकृती बाईची आहे असं मानतात. मातृदेवता म्हणतात तिला. आजोबा म्हणाले, ‘बाहुल्यो पांडवांनी काडल्यो. एका रातीत. कोंबो आरवलो आणि काम अर्धा रवला.’ पांडवांना कोकणात कुठेच काम पुरं करता आलेलं नाही. लेणी अर्धी, देवळं अर्धी, बाहुल्याही अर्ध्या.

उतरताना त्यांच्या बागेच्या कोपऱ्यात, गडग्याला लागून, आंब्याखाली एक दगड दिसला. घडवलेला नव्हता. गुडघ्याएवढा, काळा, वरून सुकलेली झेंडूची फुलं, बाजूला फोडलेल्या नारळाच्या जुन्या करवंट्या.

‘हो कोण?’ मेव्हण्याने विचारलं. इथे आल्यापासून तोही त्यांच्यासारखं बोलायला लागला होता.

‘आमचो मूळपुरुस.’

‘नाव काय त्यांचं?’ हे मी.

‘नाव म्हायत नाय. आजयाचो आजो, तेचोव आजो आसतलो. वर्साक एक नारळ देतंव. इसारलंव तर घरात काय ना काय जाता.’

मला इथे तासभर बसायला आवडलं असतं. नाव विसरलं, चेहरा विसरला, काय करत होता तेही कुणाला सांगता येत नाही, पण नारळ चालू आहे. माझ्या पणजोबांचं नाव मला वंशावळीच्या वहीत बघून सांगता येतं, आणि त्यांच्या वाटेचा नारळ कुणीच फोडत नाही. जुनापाणीच्या राशींखालच्यांचीही नावं कुणी लिहिली नव्हती. लिपीच नव्हती. पण वर्तुळांशेजारी वर्तुळं रचत गेले, म्हणजे जागा लक्षात ठेवून परत येत राहिले, आणि कुणाशेजारी कोण हेही त्यांना ठाऊक असणार. पितर होण्यासाठी नाव टिकायला लागत नसावं. येणारे टिकावे लागतात.

आजोबांनी चहा पाजला. नागपूरला आता थंडी किती, संत्र्यांना भाव काय, हे विचारलं. दगडांबद्दल पुन्हा काही नाही.

मंगळवार : वेंगुर्ल्याच्या वाटेवर

शेवटचा दिवस सातेरीसाठी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगाव सातेरीची देवळं आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नसून वारूळ असतं. आम्ही गेलो त्या गावातलं वारूळ छातीएवढं होतं, तांबूस मातीचं, वर चांदीचा मुखवटा, साडी नेसवलेली. कुणी मातीचा ढीग म्हणेल. गावाला ती भूमी आहे, आई आहे, आणि रवळनाथ वगैरे मंडळी तिच्या शेजारी.

पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. कोकणातलं गाऱ्हाणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते लिहून सांगणं कठीण. देवाला हाक मारायची, मग गावच्या बारा-पाचाच्या देवांना, मग शिवेवरच्या राखणदाराला, पूर्वजांना, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर त्यालाही, आणि प्रत्येक टप्प्याला उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ‘बा देवा म्हाराजा, ही दोन लेकरां लांबसून तुझ्या पायाकडे इली हत, तेंच्या वाटेत काय आडवा इला आसात तर तां बाजूक कर म्हाराजा.’ आम्ही दोघेच होतो, म्हणून ‘व्हय म्हाराजा’ फार बारीक आवाजात निघालं. पुजाऱ्याने मान वळवून बघितलं, तेव्हा पुढचं मोठ्याने म्हटलं.

बाहेर आल्यावर मेव्हणा म्हणाला, ‘भाऊजी, एक अडचण आहे. तुमची रास माणसांनी रचलेली. घाम गाळून, पन्नास जणांना जेवू घालून. हे वारूळ वाळवीने केलं. माणसाने एक ढेकूळही उचललं नाही. मग तुमच्या त्या दुसऱ्या पायरीत हे कुठे बसवणार?’

गेले काही दिवस तो नुसता वाट दाखवत नव्हता, ऐकतही होता. आणि त्याचा मुद्दा बरोबर होता. वारूळ राशीत बसत नाही. सातेरी कुणाची पितर नाही, तिच्याखाली कुणाची हाडं शोधायची नाहीत, आणि ज्याला त्याला थडगं म्हणत सुटण्याचा हौशी लोकांचा रोग मला लावून घ्यायचा नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की कुडोपीचा गुडघ्याएवढा दगड राशीच्या बाजूचा आणि सातेरी दुसऱ्या बाजूची. पण गाऱ्हाण्यात दोघांना एकाच दमात हाक मारतात, त्याला आपण काय करणार?

‘म्हणजे तुम्हाला उत्तर नाही.’

‘अर्धं आहे.’

‘पांडवांसारखं,’ तो म्हणाला.

कुडाळ स्टेशनवर गाडीला वेळ होता. पुढच्या थंडीत चेरमनंगाडच्या छत्र्या बघायला जायचं असं फलाटावरच ठरलं, कारण एकाच जांभ्याची दोन टोकं एका नजरेखालून घातल्याशिवाय या वादाचा निकाल लागायचा नाही. मेव्हण्याने अट घातली की त्रिशूरकडे मासे कसे मिळतात ते मी आधी विचारून ठेवायचं, आणि मालकाकडून रजा काढताना कारण म्हणून चिऱ्यांच्या खरेदीची चौकशी असं सांगायचं.